गुलामाच्या टेकडीवर गेलेले तिघे

लढाईच्या शेवटच्या वर्षी आमच्या कंपनीची पोस्टिंग ब्रह्मदेशात झाली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. रँक नाईक, काम सिग्नलचं. कंपनी हेडक्वार्टरचा वायरलेस सेट माझ्या ताब्यात होता. गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. कंपनीतली निम्मी माणसं माझ्यासारखी जावळी-पाटणच्या डोंगरातली होती आणि निम्मी मिरज, जत, तासगाव या बाजूची.

फ्रंटला जाण्याआधी आम्ही सहा आठवडे एका रेस्ट कॅम्पात होतो. सकाळी साडेपाचला हत्यारं घेऊन स्टँड-टू, सहाला चहा, सात ते बारा ट्रेनिंग, एकला जेवण. दीड ते साडेतीन विश्रांती. त्या दोन तासांत झोपणारे थोडे होते. बाकीचे पत्ते खेळत. पुढे जे घडलं ते या खेळावाचून समजणार नाही, म्हणून खेळ आधी सांगतो.

आम्ही डोंगरातली माणसं मेंढीकोट खेळायचो. चार जण, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तसंच खाली दुर्रीपर्यंत. उतारीला, म्हणजे हाताच्या पहिल्या पानाला, जो रंग आला तोच टाकायचा. तो रंग हातात नसेल तर दुसरं पान टाकायचं, आणि पहिल्यांदा असं जे पान पडेल त्याचा रंग त्या डावाचा हुकूम. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन आल्या ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही मेंढ्या एका जोडीने नेल्या तर समोरच्यांवर कोट. हरलेल्यांनी पानं पिसायची. खेळ सोपा आहे. मात्र कोणती पानं पडून गेली ते ध्यानात ठेवावं लागतं. मी ठेवायचो. कंपनीत माझं त्यासाठी नाव होतं आणि मला त्याचा गर्वही होता.

मिरज बाजूचे लोक दुसऱ्या झाडाखाली बसत. ते तीनशेचार खेळत. कर्नाटकच्या शिवेला तो खेळ घरोघर आहे. त्यात सत्तीच्या खालची पानं काढून टाकतात. उरतात बत्तीस, चौघांना आठ-आठ. आधी चार पानं वाटायची, ती बघून बोली करायची. ज्याची बोली मोठी त्याने हुकुमाचं एक पान उपडं ठेवायचं. मग उरलेली चार वाटायची. पानांना मार्क असतात आणि बोललेले मार्क हातांतून गोळा करायचे.

त्यांच्यात हवालदार आण्णाप्पा मगदूम होते. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मिरजेच्या पूर्वेला त्यांचं गाव. बोलणं थोडं, चालणं भरभर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एका दुपारी त्यांच्या झाडाखालून जाताना मी थांबलो.

"अर्धी पानं चुलीत घातली काय, अण्णा?" मी विचारलं.

"तुमच्यावानी हातभर पानं आमाला लागत न्हाईत, धनावडे. बत्तीसात भागतंय."

तेवढ्यात एकाने राजा टाकला आणि अण्णांनी त्यावर गुलाम टाकून हात उचलला.

"आवं, गुलामानं राजा मारला?"

"मारणार की. गुलाम सगळ्यात मोठा. तीस मार्क. मग नव्वी, ईस मार्क. मग एक्का अकरा, दश्शी धा, राजा तीन, राणी दोन."

"राजाला तीनच?"

"राजा काय काम करतोय, गड्या? बसून खातोय." सगळे हसले. अण्णा म्हणाले, "बस की. दोन डावात येतंय बघ."

"असला उलटा खेळ आमच्याकडं खेळलो तर गावाबाहेर काढतील," असं म्हणून मी निघून गेलो.

हे संभाषण झालं होतं. मी ते ऐकलं होतं आणि त्यात बोललो होतो. माझ्या पानं ध्यानात ठेवण्याचं कौतुक करणाऱ्या कुणालाही मी हे पुढे सांगितलं नाही.

कॅम्प सोडून आम्ही फ्रंटला आलो. कंपनीला एक डोंगराची सोंड घ्यायची होती. सोंडेवर एकाखाली एक अशा चार टेकड्या होत्या. सगळ्यात वरची टेकडी उंच आणि बोडकी होती. सगळ्यात खालची ओढ्याच्या काठाला होती. मधल्या दोन बांबूच्या रानात बुडालेल्या होत्या. जपानी वरच्या टेकडीवर आहेत अशी खबर होती.

आदल्या दिवशी सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. ते म्हणाले, "दुश्मन आपला सेट ऐकतोय. हिंदुस्थानी समजणारी माणसं त्यांच्यात हायेत. टेकड्यांना नंबर देऊ नको. काहीतरी वेगळं कर."

मी लगेच म्हणालो, "पत्त्यांची नावं देऊ, साहेब. एक्का, राजा, राणी, गुलाम. चार पानं, चार टेकड्या. वरून खाली."

"पोरांच्या ध्यानात राहील?"

"झोपेत विचारलं तरी सांगतील."

साहेबांनी मान्य केलं. कोड कागदावर लिहायचा नाही, फक्त प्लाटून कमांडरना तोंडी सांगायचा, सेट वाहणाऱ्यालाही सांगायचा नाही, असं ठरलं. संध्याकाळी चार वाजता मी तिन्ही प्लाटूनच्या जमादारांना तो सांगितला आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतला. सिग्नलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ती हीच गोष्ट. निरोप दिला की समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. त्याने म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला दोन नंबर प्लाटूनच्या जमादारांना मलेरियाचा ताप चढला. त्यांना स्ट्रेचरवर मागे पाठवलं. प्लाटून मगदूम हवालदारांकडे आली. सहाला दहा मिनिटं असताना अण्णा माझ्याकडे कोड विचारायला आले. सहाला कंपनी निघणार होती. माझ्या सेटची बॅटरी धरत नव्हती आणि मी गुडघ्यांवर बसून ती बदलत होतो. मी वर पाहिलं नाही.

"अण्णा, चार टेकड्या हायेत. चित्राची तीन पानं आन् एक्का, ही त्यांची नावं. वरची टेकडी सगळ्यात मोठं पान. तिथनं खाली उतरत्या क्रमानं."

"बरं."

"पत्ते खेळता नव्हं?"

"व्हय की."

"मग झालं."

ते गेले. मी परत म्हणवून घेतलं नाही. एवढ्या सोप्या गोष्टीत परत म्हणवून काय घ्यायचं, असं मला वाटलं. म्हणवून घेतलं असतं तर अण्णांनी वरून खाली गुलाम, एक्का, राजा, राणी असं म्हटलं असतं. त्यांच्या खेळात या चार पानांचा क्रम तोच आहे. दुरुस्त करायला पाच सेकंद लागले असते.

सहाला आम्ही निघालो. खालची टेकडी मोकळी होती. सव्वासातला वरून तिसरी घेतली आणि अण्णांची प्लाटून तिथे रिझर्व्ह म्हणून ठेवली. नऊला दोन प्लाटून आणि कंपनी हेडक्वार्टर दुसऱ्या टेकडीवर पोचलं. वरून थोडा गोळीबार झाला, मग थांबला. कंपनी कमांडरसाहेबांनी ठरवलं की वरच्या टेकडीवर आधी तोफखाना चालवायचा. रान दाट होतं आणि अंतर कमी होतं. एखादा गोळा आखूड पडला तर आपलीच माणसं जातील, म्हणून सगळ्या कंपनीने सगळ्यात खालच्या टेकडीवर जायचं. फायर साडेदहाला.

१००५ ला, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांनी, मी सेटवर अण्णांना बोलावलं. त्या दिवशी त्यांच्या प्लाटूनला दिलेला हा पहिला निरोप. दुश्मन ऐकत होता, म्हणून त्यात तोफखान्याचं नाव घ्यायचं नव्हतं.

"टू, मी कंट्रोल. तुमची सगळी माणसं घेऊन गुलामावर जा. ओव्हर."

"कंट्रोल, मी टू. सगळी माणसं घेऊन गुलामावर जातो. ओव्हर."

या वेळी परत म्हणवून घेणं झालं. शब्दात शब्द बरोबर होता.

आम्ही सोंडेच्या पश्चिमेच्या वाटेने उतरू लागलो. अण्णांची प्लाटून पूर्वेच्या ओढ्यात उतरली. त्या ओढ्यातून उजवीकडे गेलं की खालची टेकडी आणि डावीकडे वर चढलं की बोडकी टेकडी. मध्ये बांबू. आम्हाला ते दिसत नव्हते, त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

१०२० ला सेट वाजला.

"कंट्रोल, मी टू. गुलामाच्या पायथ्याला हाय. वर कोन दिसत न्हाई. ओव्हर."

मी चालता चालता उत्तर दिलं. "वर जा आणि तिथंच थांबा. ओव्हर."

"वर जातो. ओव्हर."

साडेदहाला आम्ही खालच्या टेकडीवर होतो. अण्णांची प्लाटून तिथे नव्हती. टेकडीच्या ओढ्याकडच्या अंगाला असेल असं मी धरलं. तोफखाना सुरू झाला. पहिले चार गोळे वरच्या टेकडीवर नीट पडले. तोफखान्याचा ऑफिसर माझ्यापासून दहा पावलांवर दुर्बीण लावून बसला होता.

१०३१ ला अण्णांचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता.

"कंट्रोल, मी टू. आपल्याच तोफा हायेत. थांबवा."

"टू, तुम्ही कुठं आहात?"

"गुलामावर. तुमीच सांगितलं."

तेव्हा मला ते झाड, पडलेला राजा आणि त्यावरचा गुलाम आठवला. मी सेट टाकून ऑफिसरकडे धावलो आणि फायर थांबवायला सांगितलं. त्याला वाटलं मी घाबरलो आहे. त्याने दोनदा विचारलं. मग त्याने आपल्या सेटवरून ऑर्डर दिली. तोपर्यंत जे गोळे सुटले ते पडले. शेवटचा १०३५ ला पडला. मी सेटवर परत आलो आणि दोन नंबरला बोलावत राहिलो. उत्तर आलं नाही.

सव्वाअकराला मी स्ट्रेचर पार्टीबरोबर वर गेलो. वरच्या टेकडीवर जपान्यांचे खंदक रिकामे होते. ते नऊच्या गोळीबारानंतर निघून गेले असावेत. अण्णा सवयीप्रमाणे प्लाटूनच्या तीनपैकी एक सेक्शन घेऊन पुढे गेले होते. दोन सेक्शन मागून येत होते, ते गोळे पडू लागताच ओढ्यातच थांबले आणि वाचले. पुढच्या सेक्शनमधले अण्णा आणि सेट वाहणारा शिपाई जोती माने जागेवर गेले होते. लान्स नाईक कृष्णा कोळी जबर जखमी होता. बाकीच्यांना किरकोळ जखमा होत्या.

दोन दिवसांनी चौकशी झाली. कंपनी कमांडरसाहेब टेबलाशी बसले होते, सुभेदारसाहेब बाजूला उभे होते.

"मगदूमला ऑर्डर काय दिली?"

"गुलामावर जा, साहेब. त्यांनी रिपीट केली."

"गुलाम म्हणजे खालची टेकडी?"

"होय, साहेब."

"कोड त्याला सांगितला होता?"

"सांगितला होता, साहेब."

"मग तो वर का गेला?"

"माहीत नाही, साहेब."

पहिली दोन उत्तरं खरी होती. तिसरं अर्धं खरं होतं आणि चौथं खोटं. माझा कोर्ट मार्शल होईल अशी भीती मला होती. घरी काय सांगायचं ही त्याहून मोठी भीती होती. कागदावर असं लिहिलं गेलं की हवालदार मगदूम यांनी ऑर्डर मोडून प्लाटून पुढे नेली, आणि त्यामुळे जीवितहानी झाली.

कृष्णा कोळी फील्ड हॉस्पिटलमध्ये आठ दिवस होता. सहाव्या दिवशी मी त्याला भेटलो. तो म्हणाला, "अण्णा मला एकट्याला म्हनलं, वरची टेकडी गुलाम, मोठं पान. मला बी तेच वाटलं. तुमी सायबाला सांगितलं नव्हं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मंग बरं झालं. न्हाईतर अण्णाच्या नावानं बोंब व्हायची."

आठव्या दिवशी तो वारला आणि हे जाणणारा मी एकटा उरलो.

अण्णा आणि जोती माने एकाच गावचे होते. मगदुमांची शेती होती. मान्यांचं घर मेंढरं राखणारं. अण्णांनीच जोतीला भरती करून आणलं होतं. रजेवर गेलेल्या माणसांनी कागदावरची गोष्ट गावात नेली. हवालदाराने शहाणपणा केला आणि जोतीला मारला, अशी ती गावात पोचली. पुढे गावाने शाळेसमोर दगड बसवला. त्यावर जोतीचं नाव कोरलं. अण्णांचं कोरू दिलं नाही.

हे मला सेहेचाळीस सालीच कळलं होतं. डिस्चार्ज झाल्यावर मी मिरज जंक्शनला उतरलो, त्या गावाला जायचं म्हणून. फलाटावर दोन तास बसलो. मग साताऱ्याकडची गाडी धरली. त्यानंतर मी शेती केली, मुलींची लग्नं केली, सोसायटीचा चेअरमन झालो. पत्ते खेळलो नाही. लोक कारण विचारत. डोळे दुखतात म्हणायचो.

रेकॉर्ड ऑफिसला मी अलीकडे पत्र लिहिलं. इतकी जुनी चौकशी आता उघडता येत नाही, असं उत्तर आलं. म्हणून गेल्या माघात नातवाला गाडी काढायला सांगितली आणि त्या गावाला गेलो.

अण्णांच्या पत्नी गंगव्वा हयात आहेत. घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली. त्यांनी हात थांबवला नाही. मी टेकड्यांची गोष्ट सांगू लागलो. मध्येच त्यांनी मला अडवलं.

"वरची टेकडी मोठं पान, असं म्हनला तुमी?"

"हो."

"आन् जा म्हनला गुलामावर."

"हो."

"मग ते वरच जाणार की. दुसरीकडं कुठं जातील?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पैल्या पावसाळ्यात मला शिकवला हुता त्यांनी त्यो खेळ. गुलाम तीस, नव्वी ईस. मला हरवायचे आन् हसायचे."

त्यांनी सुपावरून मान वर केली.

"इतकी वर्सं कुठं हुता तुमी?"

"घरी. मेढ्याला."

"लय लांब न्हाई ते," त्या म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. "चला."

"कुठं?"

"मान्यांच्याकडं. हितं सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं, त्यो माणूस ऑर्डर मोडणारा नव्हं."

जोतीचा धाकटा भाऊ सिदू आता सत्तरीचा आहे. आम्ही दारात आलो तेव्हा त्याने गंगव्वांकडे पाहिलं आणि उठून उभा राहिला. त्या दारात त्या पंचावन्न वर्षांत प्रथम आल्या होत्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. बॅटरीचं, परत न म्हणवून घेतल्याचं, साहेबांसमोरच्या चौथ्या उत्तराचं. सिदूने मध्ये एकच प्रश्न विचारला.

"जोती लगेच गेला का?"

"लगेच. मी उचलला त्याला. चेहऱ्याला काही लागलं नव्हतं."

तो खाली बसला. मग गंगव्वांना म्हणाला, "आय मरेपत्तूर तुमच्या आडाचं पानी प्याली न्हाई, वैनी. उनाळ्यात दीड मैल जायाची घागर घिऊन. आमी बी."

"बघत हुते की मी," गंगव्वा म्हणाल्या.

सिदू माझ्याकडे वळला. "तुमाला शिव्या द्याव्या असं लय वाटतंय. पर आज जोती असता तर तुमच्याच वयाचा असता. एक करा. मला एकट्याला सांगून भागायचं न्हाई. कागदावर लिवून द्या, सही करून. गावात वाचून दावतो. दगडाचं मग गाव बघंल."

मी कबूल केलं. घरी येऊन लिहायला बसलो, तर चार ओळींत भागेना. खेळ सांगितल्याशिवाय चूक कळत नाही, आणि चूक कळल्याशिवाय माणूस कळत नाही. म्हणून इतकं लिहिलं. गावात वाचताना कुणाला लांबण वाटली तर शेवटचा भाग तेवढा वाचावा. तो असा.

शिपाई जोती माने. वय एकोणीस. सेट पाठीवर होता आणि तो खाली ठेवून आडोशाला जाण्याची त्याला परवानगी होती. त्याने सेट सोडला नाही, म्हणून निरोप माझ्यापर्यंत आला, फायर थांबलं आणि ओढ्यातले दोन सेक्शन वाचले.

लान्स नाईक कृष्णा कोळी. वय चोवीस. स्वतः जखमी असताना दोघांना खंदकात ओढलं. ते दोघे जगले. खरं काय ते साहेबांना कळलं आहे असं समजून तो गेला. तसं मी त्याला खोटं सांगितलं होतं.

हवालदार आण्णाप्पा मगदूम. वय तीस. सेक्शनच्या पुढे, टेकडीच्या माथ्यावर सापडले. चुकीची ऑर्डर माझी होती. त्यांनी ती परत म्हणून दाखवली आणि पाळली.